कोबोलला कंपायलरच्या वर्गात जागा का नाही? : अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
संगणक अभियांत्रिकी अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य
आणि कंपायलर हा विषय शिकवणारे प्राध्यापक

सप्रेम नमस्कार.

गेल्या सत्राच्या तोंडी परीक्षेत मी एका विद्यार्थिनीला विचारले, की दहा पैसे दहा वेळा मिळवले तर तिच्या कंपायलरने (म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या सूचनांत उतरवणाऱ्या प्रोग्रामने) तयार केलेला प्रोग्राम एक रुपया दाखवील का. तिने लेक्स आणि याक ही कंपायलर बांधण्याची साधने वापरून सी-सारख्या एका छोट्या भाषेचा कंपायलर लिहिला होता, पार्सिंगचे, म्हणजे वाक्यरचना उलगडण्याचे, टेबल तिला तोंडपाठ होते, आणि तिने लगेच प्रोग्राम चालवून दाखवला. उत्तर आले ०.९९९९९९९९९९९९९९९९. हे फ्लोटिंग पॉइंटमुळे, म्हणजे अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवल्याने, होते, एवढे तिला ठाऊक होते. मग ज्या भाषा पैशांच्या हिशेबासाठीच जन्माला आल्या त्यांचे कंपायलर काय करतात, या पुढच्या प्रश्नावर ती गप्प राहिली आणि बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "सर, हे सिलॅबसमध्ये नाही." त्यांचे म्हणणे खरे होते. ते खरे का आहे, याविषयी हे पत्र आहे.

माझी नोकरीची बहुतेक वर्षे मेनफ्रेमवरील, म्हणजे बँकांसारख्यांच्या मोठ्या संगणकांवरील, कोबोल या व्यापारी हिशेबाच्या भाषेतले प्रोग्राम सांभाळण्यात गेली आणि आता एका महाविद्यालयात अभ्यागत अध्यापक म्हणून मी कंपायलरची प्रात्यक्षिके घेतो. कोबोल हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवावा, अशी माझी मागणी नाही, आणि नोकऱ्यांचा मुद्दा मी मुद्दामच बाजूला ठेवतो. १९९८ च्या आसपास पुण्या-मुंबईत कोबोल आणि सीआयसीएस या मेनफ्रेमवरील व्यवहार-प्रणालीचे काही महिन्यांत तयार करून देणारे क्लास जागोजागी निघाले होते. दोन हजार साल उलटले, तारखांच्या दुरुस्तीचे काम संपले आणि ते बंद पडले. त्या लाटेने अनेकांना परदेश दाखवला, पण भाषेचे एक नुकसानही केले. ती 'क्लासची' ठरली, विद्यापीठाची राहिली नाही. मला सांगायचे आहे ते कंपायलरशास्त्राविषयीच आहे. आपला अभ्यासक्रम काही ठरावीक भाषांवरून बेतला गेला, त्यामुळे त्या भाषांत न उद्भवणारे प्रश्न त्याला प्रश्न म्हणून दिसतच नाहीत. आणि व्यापारी भाषांच्या कंपायलरमधले अवघड प्रश्न बहुतेक याच जातीचे आहेत.

जुनेपण हे दुर्लक्षाचे कारण म्हणावे तर फोरट्रान कोबोलहून जुनी आहे. तिचा आयबीएम ७०४ वरचा कंपायलर १९५७ चा. तरी लूपचे ऑप्टिमायझेशन, ॲरेचे पत्ते काढणे, रजिस्टरांचे वाटप हे विषय शिकवताना तिचे नाव आदराने घेतले जाते. लिस्पकडून गार्बेज कलेक्शन आले, आल्गोल ६० कडून व्याकरण, ब्लॉक, रिकर्शन आणि स्टॅक आले. पीएल/वनला निदान विनोदापुरती जागा आहे: तिच्यात राखीव शब्द नसल्याने 'इफ' नावाचा व्हेरिएबल कसा ठेवता येतो, हे सांगून वर्ग हसवता येतो. कोबोलला तेवढीही जागा मिळत नाही. तिने शास्त्राला काहीच दिले नाही, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत कसे रुजले, ते थोडे पाहावे लागेल.

मे १९५९ च्या अखेरीस पेंटागॉनमध्ये झालेल्या बैठकीतून पुढे कोडासिल ही समिती उभी राहिली आणि भाषेचा आराखडा करण्याचे काम तिच्या अल्पमुदतीच्या उपसमितीकडे गेले. तीत बरोज, आयबीएम, हनिवेल, आरसीए, स्पेरी रँड आणि सिल्व्हेनिया हे सहा यंत्रनिर्माते आणि अमेरिकी सरकारची तीन कार्यालये होती. विद्यापीठ एकही नव्हते. आल्गोलचे तसे नव्हते. आल्गोल ६० चा अहवाल ज्या चिन्हपद्धतीत लिहिला गेला तीच पुढे बॅकस-नाउर पद्धती म्हणून पार्सिंगच्या साऱ्या सिद्धान्ताचे वाहन झाली. कोबोलच्या अहवालात व्याकरण होते, पण ते कंस, महिरपी कंस आणि अधोरेखित शब्द यांच्या स्वतःच्या पद्धतीत मांडलेले होते. १९६७ मध्ये एका अभ्यासकाने बॅकसच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे असे सुचवले होते, ही गोष्ट आपण वर्गात अभिमानाने सांगतो, आणि सांगावी. पण त्या गोष्टीतून हेही कळते की ज्या भाषेचे वर्णन या परंपरेत बसले तिच्यावर सिद्धान्त उभा राहिला, आणि जिचे बसले नाही ती कारखान्यातच राहिली. संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९८५ मध्येच हे अंतर तपासून लिहिले होते, की कोबोल घडवणाऱ्यांत अध्यापक नव्हते आणि अध्यापकांना ती आपली वाटली नाही. त्याच्या दहा वर्षे आधी प्रख्यात संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी कोबोलने मेंदू अधू होतो, ती शिकवणे हा गुन्हा मानला जावा, असा शेरा मारला होता. तो शेरा भाषा वापरण्याविषयी होता. आपण तो तिच्या कंपायलरलाही लावला.

याच भाषेने कंपायलरशास्त्राला एक प्रश्न सर्वांत आधी गांभीर्याने घ्यायला लावला. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर जवळपास जसाच्या तसा चालवून दाखवला गेला. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याने कोबोल कंपायलर असलेलीच यंत्रे घेण्याचे धोरण ठेवल्यावर प्रत्येक निर्मात्याला कंपायलर द्यावा लागला, आणि मग तो खरोखर प्रमाणभाषेचा आहे की नाही, हे तपासायचे कसे, असा प्रश्न उभा राहिला. कंपायलरच्या आद्य निर्मात्यांपैकी एक असलेल्या ग्रेस हॉपर यांच्या हाताखाली अमेरिकी नौदलात त्यासाठी चाचणी-प्रोग्रामांचे संच तयार झाले. त्या परंपरेतला कोबोल-८५ चा संच आजही नव्या कंपायलरांना लावला जातो. एखादा कंपायलर बरोबर आहे हे कसे ठरवावे, यावर आपल्या अभ्यासक्रमात मला आजवर एकही तास सापडलेला नाही. असो.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे दशमान अंकगणिताकडे येतो. खात्यातील शिल्लक ठेवणाऱ्या फील्डची घोषणा कोबोलमध्ये 'पिक्चर एस९(७)व्ही९९ कॉम्प-३' अशी होते. 'एस' म्हणजे चिन्ह आहे, मग सात अंक, मग 'व्ही' म्हणजे दशांशचिन्हाची जागा, मग दोन अंक. उणे १२,३४,५६७.८९ ही रक्कम पॅक्ड डेसिमलमध्ये ('कॉम्प-३' म्हणजे हीच, अर्ध्या बाइटात एक दशमान अंक ठेवण्याची पद्धत) पाच बाइट घेते: १२, ३४, ५६, ७८ आणि शेवटचा ९डी, ज्यातला 'डी' हा अर्धा बाइट उणे चिन्ह आहे; धन रकमेला तिथे 'सी' येतो. दशांशचिन्ह या पाच बाइटांत कुठेच नाही. ते फक्त कंपायलरच्या सिम्बॉल टेबलमध्ये आहे. दोन दशांश स्थळांच्या रकमेला चार स्थळांच्या व्याजदराने गुणायचे असेल, तर प्रत्येक पायरीवर चिन्ह कुठे सरकले याचा हिशेब कंपायलरने ठेवायचा, मधल्या उत्तराला किती अंक लागतील ते आधीच काढायचे, आणि शेवटी निकालाच्या पिक्चरप्रमाणे अंक छाटायचे किंवा पूर्णांकन करायचे. सिम्बॉल टेबल ही वस्तू आपण विद्यार्थ्यांना नाव, प्रकार आणि व्याप्ती साठवणारी वही म्हणून शिकवतो. इथे तीच अंकगणित चालवते.

मधल्या उत्तराला किती अंक ठेवायचे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. रकमेला ३६५ ने भागून मग दिवसांनी गुणले तर भागाकार कुठे तोडला यावर शेवटचा पैसा ठरतो. १९८५ च्या प्रमाणभाषेत संख्येला अठरा अंकांची मर्यादा होती, २००२ मध्ये ती एकतीस झाली. पण मधल्या उत्तरांचे नियम दीर्घ काळ प्रत्येक कंपायलरवर सोडलेले होते, आणि म्हणून एकच सूत्र दोन कंपायलरांवर वेगवेगळे पैसे दाखवू शकत असे. २००२ च्या प्रमाणभाषेने यासाठी 'स्टँडर्ड ॲरिथमेटिक' आणले. ज्या विद्यार्थ्याने कॉन्स्टंट फोल्डिंग म्हणजे 'कंपायलरने आधीच हिशेब करून टाकणे' एवढेच ऐकले आहे, त्याला हे उदाहरण दिले तर तो हिशेब कोणत्या अचूकतेने करायचा, हा प्रश्न त्याला प्रथमच पडेल.

पिक्चरचा आणखी एक गुण अध्यापकांच्या नजरेतून सुटतो, याचे मला नेहमी नवल वाटते. 'एस९(४)' अशी घोषणा म्हणजे किंमत उणे ९,९९९ ते अधिक ९,९९९ यांच्या बाहेर जाणार नाही, असे प्रोग्रामरने दिलेले लेखी आश्वासन आहे. सी-च्या कंपायलरला अशी मर्यादा कळण्यासाठी व्हॅल्यू-रेंज ॲनालिसिस करावे लागते आणि तरीही ती बहुधा हाती लागत नाही. इथे ती घोषणेतच फुकट मिळते. पण फुकटात मिळालेल्या वस्तूलाही किंमत असते. तेच फील्ड बायनरी स्वरूपात ठेवले तर ते दोन बाइटांत बसते, ज्यांत ३२,७६७ पर्यंत संख्या मावते. मग १२,३४५ ही संख्या तिथे ठेवली तर काय व्हावे? भाषेच्या नियमाने वरचा अंक गळून २,३४५ राहायला हवेत, आणि तसे व्हायचे तर प्रत्येक बेरजेनंतर दहा हजारांनी भागून बाकी काढणारी सूचना कंपायलरला घालावी लागते, जी महाग पडते. म्हणून आयबीएमच्या कंपायलरमध्ये याबाबत तीन वेगवेगळे पर्याय आहेत: नियम काटेकोर पाळा, आश्वासन खरे धरून वेगाने चला, किंवा दोन्ही बाइट पूर्ण वापरा. भाषेचा अर्थ, यंत्राची सोय आणि प्रोग्रामरचा शब्द या तिघांचे भांडण इतक्या थोड्या जागेत दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

जाता जाता एक गंमत. छापण्यासाठीच्या पिक्चरमध्ये स्वल्पविराम जिथे लिहावा तिथेच उमटतो, म्हणून 'झेडझेड,झेडझेड,झेडझेड९.९९' असे लिहिले की रक्कम १२,३४,५६७.८९ अशी आपल्या लाख-कोटींच्या पद्धतीने छापली जाते. तीन-तीन अंकांनी स्वल्पविराम टाकणाऱ्या लायब्रऱ्यांशी झटापट केलेल्या कोणाही प्रोग्रामरला याचे मोल सांगावे लागणार नाही. आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मध्ये पॅक्ड डेसिमलच्या बेरीज-वजाबाकीबरोबरच असे छापील रूप तयार करणारी 'एडिट' ही एकच यांत्रिक सूचना होती. भाषेच्या एका कलमाचे एका मशीन-सूचनेत रूपांतर कसे होते, हे दाखवायला इन्स्ट्रक्शन सिलेक्शनच्या तासाला याहून सोपे उदाहरण सापडणार नाही. आणि हा इतिहास संपलेला नाही: २०१७ च्या आयबीएम झेड१४ प्रोसेसरमध्येही पॅक्ड डेसिमलसाठी नव्या व्हेक्टर सूचना घातल्या गेल्या.

दुसरा मोठा विषय 'परफॉर्म'चा, म्हणजे प्रोग्रामचे पॅराग्राफ चालवून परत येण्याच्या आज्ञेचा. आपल्या अभ्यासक्रमात रनटाइमचे प्रकरण ॲक्टिव्हेशन रेकॉर्डने सुरू होते: फंक्शनला बोलावले की स्टॅकवर चौकट चढते, परतताना उतरते. कोबोलच्या पॅराग्राफला पॅरामीटर नाहीत, स्वतःचे व्हेरिएबल नाहीत, आणि खरे म्हणजे तो फंक्शनच नाही. 'परफॉर्म अ थ्रू क' म्हटले की अ, ब, क हे ओळीने लिहिलेले पॅराग्राफ चालतात आणि क संपल्यावर परत यायचे असते. पण कोणी परफॉर्म न करता वरून वाहत क-पर्यंत आले, तर तोच क संपल्यावर पुढच्या ड-मध्ये जायचे असते. म्हणजे क-चा शेवट ही कधी परतीची जागा आहे, कधी नुसती चालू वाट. जुन्या कंपायलरांनी यावर साधा उपाय केला. प्रत्येक पॅराग्राफच्या शेवटी 'पुढे कुठे' हा पत्ता ठेवणारा एक कप्पा, ज्यात एरवी ड-चा पत्ता असतो. परफॉर्म आले की जुना पत्ता बाजूला ठेवून परतीचा पत्ता भरायचा, आणि परतल्यावर जुना पुन्हा ठेवायचा. ग्नूकोबोल हा मुक्त कंपायलर, जो कोबोलचे सी-मध्ये रूपांतर करतो, तो वेगळे करतो: परफॉर्मच्या नोंदी स्टॅकवर ठेवतो आणि प्रत्येक पॅराग्राफच्या शेवटी विचारतो, की सर्वांत वरची नोंद माझीच आहे का. शिस्तीने लिहिलेल्या प्रोग्रामात दोन्हींचा परिणाम सारखाच येतो. परफॉर्मच्या मर्यादा एकमेकींवर चढल्या, किंवा ब-मधून कोणी 'गो टू' करून बाहेर उडी मारली, की क-च्या शेवटी भरलेला पत्ता तसाच राहतो आणि नंतर केव्हातरी कोणी तिथून सहज जाऊ लागला की तो भलतीकडे फेकला जातो. अभ्यासक अशा जागांना सुरुंग म्हणतात, आणि ते शोधण्यावर शोधनिबंध आहेत.

नाइट शिफ्टमध्ये असा एक सुरुंग मी स्वतः शोधला आहे. तो बारा-तेरा वर्षे निवांत पडून होता आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस, एक विशिष्ट चूक-संदेश छापण्याची वेळ आली तेव्हाच फुटला. मला तेव्हा कंट्रोल-फ्लो ग्राफ (प्रोग्राम कुठून कुठे जाऊ शकतो याचा आलेख) हा शब्द पुस्तकातला म्हणून माहीत होता, पण पुस्तकातल्या ग्राफमध्ये कडा आधीच काढलेल्या असतात. इथे कडा कुठली आहे, हेच शोधायचे होते, आणि ती प्रोग्राम कुठून आला यावर अवलंबून होती. ज्याला इंटरप्रोसीजरल ॲनालिसिस, म्हणजे एका फंक्शनपलीकडे जाणारे विश्लेषण, शिकवताना 'फक्त वैध मार्ग विचारात घ्या' हे वाक्य विद्यार्थ्यांच्या गळी उतरवायचे आहे, त्याने पंचवीस ओळींचा असा कोबोल प्रोग्राम फळ्यावर लिहावा. त्यात एखादे 'ऑल्टर' घातले, जे चालू प्रोग्राममधल्या 'गो टू'चे ठिकाणच बदलत असे, तर वर्गाला घामच फुटेल. ते १९८५ मध्ये कालबाह्य ठरले आणि २००२ च्या प्रमाणभाषेतून काढून टाकले गेले, हे सांगून मग दिलासा द्यावा.

व्याकरणाबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण ते आपण एरवीही भरपूर शिकवतो. कोबोलचे राखीव शब्द शेकड्यांनी आहेत. जुन्या मांडणीत पहिले सहा रकाने क्रमांकाचे, सातवा खुणेचा, आणि बहात्तराव्या रकान्यानंतर लिहिलेले कंपायलर वाचतच नाही. १९८५ पूर्वी 'एन्ड-इफ' नव्हते, म्हणून एक पूर्णविराम साऱ्या उघड्या 'इफ' एकदम बंद करीत असे, आणि तो चुकीच्या ठिकाणी पडला की अर्थ बदलत असे. 'इफ ए नॉट इक्वल बी ऑर सी' या वाक्याचा प्रमाणभाषेप्रमाणे होणारा अर्थ 'ए हा बी-शी असमान किंवा ए हा सी-शी असमान' असा आहे, जो बी आणि सी वेगळे असतील तर नेहमीच खरा ठरतो; बोलणाऱ्याच्या मनातले काही वेगळेच असते. शिवाय प्रत्येक यंत्रनिर्मात्याची बोली निराळी. राल्फ लेमेल आणि क्रिस व्हेरहूफ यांनी २००१ मध्ये आयबीएमच्या कोबोलचे व्याकरण तिच्या मॅन्युअलमधून पुन्हा कसे उभे केले, ते मांडले आहे. व्याकरण पुस्तकात तयार मिळते, हे आपल्या विद्यार्थ्याचे गृहीत अशा ठिकाणी निकालात निघते.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे, आणि तो कंपायलरच्या आयुष्याविषयी आहे. एका परदेशी बँकेच्या कामात नवा, अधिक हुशार कंपायलर आला. आमच्या हाताखालच्या एका प्रोग्रामात पाच अंकी शाखा-क्रमांकाचे फील्ड होते, आणि बाहेरून येणाऱ्या फाइलमध्ये सुरुवातीच्या शून्यांच्या जागी मोकळ्या जागा असत. भाषेच्या नियमाने हे चूकच; अंकांच्या फील्डमध्ये अंकच हवेत. पण जुना कंपायलर तुलना करण्याआधी फील्ड पॅक करीत असे, आणि पॅक करणारी सूचना शेवटचा बाइट सोडून प्रत्येक बाइटचा खालचा अर्धाच उचलते. ईबीसीडीआयसी या मेनफ्रेमच्या अक्षर-संकेतात मोकळी जागा ४० आणि शून्य एफ० असा लिहिला जातो, म्हणजे दोघांचाही खालचा अर्धा शून्यच. त्यामुळे वर्षानुवर्षे सारे सुरळीत चालले होते. नव्या कंपायलरने पाहिले, की दोन्ही बाजू सारख्याच आकाराच्या आहेत, मग पॅक कशाला करा; त्याने बाइट थेट ताडून पाहिले. त्या रात्री कित्येक व्यवहार 'अशी शाखा नाही' म्हणून परत फिरले. अशा वेळी सहसा सॉक-सेव्हनचा अबेंड येतो, म्हणजे अवैध अंक सापडून प्रोग्राम मध्येच बंद पडतो, आणि निदान बिघाड कळतो. इथे प्रोग्राम शांतपणे चुकीचे उत्तर देत राहिला.

चूक कोणाची? डेटा नियमबाह्य होता, प्रोग्रामरने तो तपासला नव्हता, आणि कंपायलर नियमाने वागला होता. कंपायलरच्या निर्मात्यांना पुढे अशा डेटासाठी वेगळा पर्याय द्यावा लागला, म्हणजे नियमाहून वाईट सवयीलाही मान द्यावा लागला. सी-मधल्या अनडिफाइन्ड बिहेविअरवर, म्हणजे भाषेच्या नियमांनी न ठरवलेल्या वर्तनावर, आज जगभर चर्चा होते आणि आपल्याकडेही काही प्राध्यापक ती वर्गात आणतात, याचा मला आनंद आहे. तीच चर्चा कोबोलच्या जगात अधिक तीव्र आहे, कारण इथे प्रोग्राम चाळीस-पन्नास वर्षे जगतात आणि त्यांच्यापुढून कंपायलरांच्या पिढ्या जातात. आयबीएमने २०१३ मध्ये कोबोल कंपायलरच्या मागे जावाच्या जेआयटी (प्रोग्राम चालू असतानाच कंपाइल करणाऱ्या) कंपायलरसाठी घडवलेला ऑप्टिमायझर जोडला, आणि २०१५ मध्ये मूळ सोर्स न बघता जुन्या कंपाइल केलेल्या कोबोल प्रोग्रामलाच ऑप्टिमाइझ करणारे साधन बाजारात आणले. हे दोन्ही कंपायलरशास्त्रातले पुढच्या फळीचे काम आहे. आमच्या विद्यार्थ्यांना जेआयटी ठाऊक असतो. त्याचाच ऑप्टिमायझर रात्री बँकेच्या बॅचमागे असतो, हे ठाऊक नसते.

या भाषेत संशोधनच झालेले नाही, असे कोणी म्हणू नये. दोन हजार सालाच्या तारखांचा प्रश्न हा मुळात प्रोग्राम-विश्लेषणाचा प्रश्न होता: कोट्यवधी ओळींत कोणत्या फील्डमध्ये दोन अंकी वर्ष आहे ते ओळखायचे, तेही अशा भाषेत जिथे 'रीडिफाइन्स' लिहून एकाच मेमरीला दोन-तीन वेगळ्या रचना देता येतात आणि 'मूव्ह' एका गटातून दुसऱ्या गटात रचना न पाहता बाइट ओतते. ॲरी व्हॅन डर्सन आणि लेऑन मूनेन यांनी १९९८ मध्ये कोबोलसाठी टाइप-इन्फरन्स, म्हणजे वापरावरून फील्डचा प्रकार ओळखणे, मांडले. रामलिंगम, फील्ड आणि टिप यांचे अशा गटांच्या खऱ्या रचना ओळखण्याविषयीचे काम १९९९ च्या पॉपलमध्ये, म्हणजे या क्षेत्रातील सर्वोच्च परिषदेत, आले. म्हणजे बुद्धिमान लोकांना या भाषेत बुद्धीला साजेसे काम दिसले होते. संकट टळले, निबंध ग्रंथालयात गेले आणि पाठ्यक्रम जुन्या साच्यातच राहिला.

आपले संभाव्य आक्षेप मला दिसतात. सिद्धान्त सर्व भाषांना सारखाच लागू होतो, हा पहिला. तो मला मान्य नाही, आणि का नाही ते वर लिहिलेच आहे: आपण ज्याला सर्वसाधारण रनटाइम म्हणतो तो आल्गोलच्या घराण्याचा रनटाइम आहे. दुसरा आक्षेप तासांचा आहे, आणि तो खरा आहे. त्यावर माझे उत्तर असे, की कॅनॉनिकल एलआर टेबल (पार्सिंगचे एक मोठे कोष्टक) हाताने भरण्यात जे तास जातात त्यांतले चार कमी करावेत. ते टेबल आयुष्यात पुन्हा कोणीही हाताने भरत नाही. मेनफ्रेम कुठून आणायचा, हा तिसरा आक्षेप आता उरलेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या जीसीसी १५ या मुक्त कंपायलरमध्ये कोबोलचे फ्रंट-एन्ड समाविष्ट झाले आहे. ज्या कंपायलरवर आपला प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षापासून सी-चे प्रोग्राम चालवतो, त्याच्याच घरात आज कोबोल राहते. मुंबईच्या आयआयटीत जीसीसीच्या अंतर्रचनेवर रिसोर्स सेंटर चालवले गेले, डेटा-फ्लो आणि पार्शल रिडन्डन्सी एलिमिनेशन या ऑप्टिमायझेशनच्या विषयांवर प्रा. धनंजय धामधेरे यांच्यासारख्यांनी मूलभूत काम केले. महाराष्ट्राला जीसीसी परका नाही, तेव्हा त्यातले हे नवे दालन उघडून पाहायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

कोबोलच्या जगात किती ओळी आजही चालतात, याचे अवाढव्य आकडे सर्वत्र फिरतात. ते कोणी कसे मोजले हे मला पटण्यासारखे कुठे दिसले नाही, म्हणून मी ते वापरलेले नाहीत. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना जाहीरपणे कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना साद घालावी लागली, एवढी एक नोंद पुरेशी आहे. अलीकडे 'हे सगळे जावात भाषांतरित करून टाका' असा सल्लाही दिला जातो. भाषांतर करणारा प्रोग्राम हाही कंपायलरच असतो. 'पिक ९९'च्या काउंटरमध्ये ९९ असताना एक मिळवून साठवले की कोबोलमध्ये साधारणपणे ०० राहते आणि जावाच्या इंटमध्ये १०० होते, हे ज्याला माहीत नाही त्याने केलेले भाषांतर सुवाच्य असेल, बरोबर असेलच असे नाही.

म्हणून माझी विनंती मर्यादित आहे. पुढील पुनर्रचनेत कंपायलरच्या विषयात चार तास आणि एक प्रात्यक्षिक कोबोलमधल्या या प्रश्नांसाठी राखावे. सिम्बॉल टेबलच्या प्रकरणात पिक्चर आणि दशमान अंकगणित, रनटाइमच्या प्रकरणात परफॉर्म, पार्सिंगच्या अखेरीस बोलीभाषांचे व्याकरण, आणि ऑप्टिमायझेशनच्या अखेरीस नियमबाह्य डेटाचा प्रश्न एवढे त्यांत यावे. प्रात्यक्षिक म्हणून एकच व्याज-आकारणीचा प्रोग्राम सी-मध्ये डबल हा फ्लोटिंग पॉइंट प्रकार वापरून आणि कोबोलमध्ये लिहावा, ग्नूकोबोलने तयार केलेला सी-कोड उघडून वाचावा, आणि जिथे पैसा वेगळा पडतो तिथे तो का पडला हे जर्नलमध्ये लिहावे. हे प्रात्यक्षिक मी माझ्या तुकडीकडून अभ्यासक्रमाबाहेर दोनदा करून घेतले आहे. त्याची प्रश्नपत्रिका, चाचणी-डेटा आणि मराठी-इंग्रजी टिपणे कोणत्याही अभ्यासमंडळाला मी विनामूल्य देईन, आणि बैठकीला बोलावल्यास स्वखर्चाने येईन.

आपला विश्वासू,
कंपायलर विषयाचा एक अभ्यागत अध्यापक, पुणे